पिल्लू किती दिवसांचं आहे? कोंबडीच्या पिल्लांचे आजार ओळखताना

पावसाळा सुरू झाला की कुक्कुटपालन करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न रोज येतो: ‘पिल्लं मरतायत, कुठलं औषध देऊ?’ खाली धडाधड उत्तरं पडतात. कोणी अँटिबायोटिकचं नाव सांगतं, कोणी हळद-लसूण, कोणी लिव्हर टॉनिक. मात्र पहिला विचारायचा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. पिल्लं किती दिवसांची आहेत?

पिल्लांच्या आजारात वय कळलं की निम्मं निदान झालं, असं मी अगदी जबाबदारीने म्हणते. तिसऱ्या दिवशी मरणारं पिल्लू आणि पंचविसाव्या दिवशी मरणारं पिल्लू एकाच कारणाने मरत नाही. पहिल्या आठवड्यातली बरीचशी मरतुक तर जंतूंमुळे होतच नाही. ऊब कमी पडते, पाणी उशिरा मिळतं, वाहतुकीत पिल्लं सुकतात. अशा पिल्लाला कितीही महागडं औषध पाजलं तरी उपयोग नाही, कारण त्याला हवी असते ऊब.

बचतगटाकडून आलेली गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींची शंभर पिल्लं असोत, नाहीतर खुडूक कोंबडीखाली निघालेली दहा-बारा गावठी पिल्लं असोत, खाली सांगितलेलं दोन्हीकडे लागू पडतं. फरक एवढाच की कोंबडीखालच्या पिल्लांच्या उबेची काळजी त्यांची आई घेते.

औषधाआधी पाहणी

कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे. दुबळं दिसलेलं पिल्लू घार-कावळ्याच्या नजरेत आधी भरतं, म्हणून आजारी पिल्लू शक्य तितका वेळ आजार लपवतं. ते डोळे मिटून, पंख पाडून, पिसं फुलवून एका जागी बसलेलं तुम्हाला दिसतं, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे एकेका पिल्लाकडे बघण्याआधी सगळ्या घोळक्याकडे बघायची सवय लावून घ्या. सकाळी आत न शिरता, दाराशी दोन मिनिटं शांत उभं राहून.

सगळी पिल्लं उबेसाठी लावलेल्या दिव्याखाली एकावर एक चढून गोळा झाली असतील आणि मोठ्याने, तार स्वरात ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, कडेच्या पत्र्याला चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतोय, तिथे गोणपाट लावा. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही पाणी पितायत, काही पाय पसरून झोपलीयत आणि हलकासा किलबिलाट चालू आहे, हे ठीक चाललं असल्याचं लक्षण.

आकड्यांत सांगायचं तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस हवं, आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जायचं. कारण सोपं आहे. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि ती ते स्वतः टिकवते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते. स्वतःची उष्णता राखण्याची यंत्रणा त्याच्यात तयार व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. तोवर ते पूर्णपणे बाहेरच्या उबेवर जगतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. प्रति पिल्लू साधारण दोन वॅट, असा बल्बचा जुना हिशोब गावोगाव पाठ आहे. तो पिवळ्या, तारेच्या बल्बचा हिशोब आहे. आता दुकानात एलईडी मिळतात आणि ते जवळजवळ ऊब देतच नाहीत. उजेड भरपूर, तरी पिल्लं गारठलेली, असं त्यामुळेच होतं. तारेचा बल्ब मिळत नसेल तर ब्रूडिंगसाठीचा, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यासाठीचा, इन्फ्रारेड दिवा घ्या. रात्री वीज जाणार हे माहीत असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून तयार ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लं तर मरतातच, शेजारी झोपलेल्या माणसाच्याही जिवाला धोका असतो.

थंडीचा संशय असेल तर पिल्लू हातात घ्या आणि त्याचे तळपाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गारठलेलं आहे. थर्मामीटर नसला तरी ही परीक्षा चुकत नाही.

दुसरी परीक्षा गळ्याखालच्या अन्नपिशवीची. रात्री पिल्लं निजली की चार-पाच पिल्लांची ही पिशवी बोटांनी हलकेच चाचपायची. मऊ आणि भरलेली असेल तर पिल्लू खातंय आणि पितंयही. कडक गोळा लागला तर खाद्य मिळालं, पाणी नाही. नुसती पाण्याची पिशवी लागली तर खाद्यापर्यंत पोचलेलं नाही. रिकामी असेल तर ते पिल्लू वेगळं काढा, सकाळपर्यंत वाट पाहू नका.

मग विष्ठा. निरोगी पिल्लाची विष्ठा राखाडी-तपकिरी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे त्याची लघवी, कारण पक्ष्यांची लघवी वेगळी येत नाही. मधूनमधून चॉकलेटी, चिकट आणि फार घाण वासाची विष्ठा येते. ती पाहून लोक घाबरतात, पण तीही नेहमीचीच. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एका टोकाला बंद असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात. या पिशव्या लक्षात ठेवा, रक्ती हगवणीत पुन्हा त्यांच्याकडे यायचं आहे.

पहिला आठवडा: बलक, नाभी आणि पाणी

अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणून तर हॅचरीतून लांबच्या गावापर्यंत पिल्लं खोक्यातून येऊ शकतात. पण राहू शकतं म्हणजे ठेवावं असं नाही. पिल्लं आली की आधी पाणी, मग खाद्य. प्रवासात सुकलेल्या पिल्लांच्या पायाची कातडी कोरडी आणि सुरकुतलेली दिसते. अशांची चोच एकेकदा कोमट पाण्यात बुडवून त्यांना पाणी दाखवा. पहिल्या काही तासांत पाण्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) घातलं तर तरतरी येते. दिवसभर गोड पाणी ठेवू नका, हगवण लागते. भांडं उथळ हवं आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका. चिमुकली पिल्लं दोन बोटं पाण्यातही बुडतात, आणि भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

याच दिवसांत नाभीचा संसर्ग दिसतो. बलक ओढला गेलेली जागा पोटाखाली नाभीसारखी बंद होते. अंडं घाण असेल, उबवणी यंत्र स्वच्छ नसेल किंवा दमटपणा बिघडलेला असेल तर ती नीट बंद होत नाही आणि तिथून जंतू आत शिरतात. पोट फुगलेलं, नाभी ओली आणि काळी-निळी, अंगाला कुजका वास, पिल्लू सुस्त. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यातच जातात. खरं सांगायचं तर अशा पिल्लाला वाचवणं बहुतेक वेळा शक्य होत नाही, कारण पोटातला बलकच सडलेला असतो. उरलेल्यांना ऊब आणि स्वच्छता द्या. सतत चार-पाच पिल्लं अशीच जात असतील तर पशुवैद्यकांना दाखवून मगच अँटिबायोटिक. खरा इलाज अंडी निवडतानाच करायचा असतो. खुडूक कोंबडीखाली स्वच्छ अंडीच ठेवा आणि घाण अंडी ओल्या फडक्याने पुसू नका. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, ओल्या पुसण्याने घाण त्यांतून आत जाते.

मागची जागा चिकटणं हा पहिल्या आठवड्यातला आणखी एक त्रास. विष्ठा गुदद्वारावर वाळून घट्ट डिंकासारखी बसते आणि मार्ग बंद होतो. दोन दिवस लक्ष गेलं नाही तर पिल्लू त्यानेच मरतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी धरून ठेवा आणि मऊ झालं की अलगद काढा. ओढू नका, कातडी सोलून निघते. मग कोरडं करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि उबेला ठेवा. नाभीवरची वाळलेली खपली गुदद्वाराच्या जवळच, थोडी पोटाकडे असते. घाण समजून ती उपटली तर आतडं बाहेर येऊ शकतं, म्हणून कुठली जागा साफ करतोय ते नीट पाहा. एकदोन पिल्लांना असं झालं तर फारसं काही नाही. बऱ्याच जणांना झालं तर ऊब कमी-जास्त होते आहे, किंवा प्रवासाचा ताण बसलाय, असं समजून तापमान तपासा.

गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच लक्षात आलं तर दोन पायांत नेहमीइतकं अंतर ठेवून चिकटपट्टीचा मऊ बंध बांधा आणि खाली गोणपाट अंथरा. बरीचशी पिल्लं दोन-चार दिवसांत उभी राहतात. उशीर झाला तर पाय तसेच राहतात.

पांढरी हगवण आणि तोंड उघडून घेतलेला श्वास

पुलोरम नावाचा आजार साल्मोनेला गटातल्या जंतूमुळे होतो आणि आईकडून अंड्यातून पिल्लात येतो. पांढरी चिकट हगवण, दिव्याजवळ घोळका करून बसणं, शौचाच्या वेळी कण्हल्यासारखा आवाज, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढत जाणारी मरतुक. पण पांढरी हगवण दिसली की पुलोरमच, असं धरून चालू नका. पिल्लू खात नसेल, तापलं असेल, मूत्रपिंड बिघडलं असेल तरी विष्ठेतला पांढरा भागच जास्त दिसतो. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. खात्री करण्याचं एक मोठं कारण आहे. पुलोरममधून वाचलेली कोंबडी वरून धडधाकट दिसते आणि आयुष्यभर अंड्यातून जंतू देत राहते. अशा कोंबड्यांची अंडी उबवायला वापरायची नाहीत. औषधाने मरतुक थांबली तरी हा धोका जात नाही.

श्वासाचे आजार ओळखताना कान वापरा. रात्री दिवा मंद करून ऐका. घरघर, शिंका, खरखर ऐकू आली तर श्वासनलिकेचा संसर्ग. पिल्लू मान वर ताणून, चोच उघडून धापा टाकतंय पण आवाज काहीच नाही, असं असेल तर बुरशीचा न्यूमोनिया असण्याची शक्यता जास्त. पिल्लांखाली अंथरलेलं भाताचं तूस भिजून वाळवलेलं असतं, वरून कोरडं दिसतं आणि आत बुरशी धरलेली असते. तिची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथे पिवळसर गाठी होतात. कोकणात पावसाच्या तोंडावर हे फार होतं. यावर परवडेल असं खात्रीचं औषध नाही आणि अँटिबायोटिक तर बुरशीला लागूच पडत नाही. सगळं तूस त्याच दिवशी काढा, खाद्याची पोती हुंगून बघा, कोंदट वास आला तर तेही टाका. नवी पिल्लं आजारी पडायची थांबतात. पावसाळ्यात लागणारं तूस मे महिन्यातच उन्हात वाळवून, प्लास्टिकखाली झाकून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

तिसरा आठवडा आणि रक्ती हगवण

पहिले पंधरा दिवस सुखरूप गेले की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमकी तेव्हाच रक्ती हगवण येते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा हा सगळ्यात मोठा शत्रू. हा आजार जरा खोलात समजून घ्यायला हवा, कारण तो समजला तर टाळता येतो.

आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्यात वाढतो. त्याच्या वेगवेगळ्या जाती आतड्याच्या वेगवेगळ्या भागात राहतात. सगळ्यात रक्तबंबाळ करणारी जात वर सांगितलेल्या त्या दोन पिशव्यांमध्ये वाढते. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून या परजीवीची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग घातक होतात. पिल्लू तूस चिवडताना ती गिळतं. पोटात एका अंड्यापासून हजारो तयार होतात, आतड्याचं अस्तर फाटतं, चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसतं आणि आठवडाभरात नवी अंडी तुसात पडायला लागतात.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कोरड्या तुसात अंडी पिकत नाहीत, म्हणजे हा आजार मुळात ओलीचा आहे. दुसरी, किती अंडी गिळली यावर सगळं ठरतं. थोडी गिळलेलं पिल्लू आजारी न पडता प्रतिकारशक्ती मिळवतं, एकदम खूप गिळलेलं मरतं. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढणं हेच खरं औषध. तुसाची मूठ दाबून बघा. गोळा राहिला तर ओलं आहे, मूठ उघडताच भुरभुर सुटलं तर चांगलं. खाली बसून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूत पिल्लं रात्रंदिवस राहतायत. पाण्याचं भांडं विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं निम्म्याने कमी होतं.

रक्त दिसलं तर थांबायचं नाही. ॲम्प्रोलियम हे पाण्यातून द्यायचं औषध चांगलं चालतं आणि त्यामानाने सुरक्षित आहे. २० टक्क्यांची पावडर असेल तर जोरदार आजारात साधारण १.२ ग्रॅम प्रतिलिटर, पाच ते सात दिवस, आणि पुढे काही दिवस कमी प्रमाणात. प्रत्येक पाकिटाची तीव्रता वेगळी असते, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि पशुवैद्यकांना विचारा. औषध खाद्यात न देता पाण्यात देतात, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं. त्या काळात दुसरं साधं पाणी कुठेही ठेवू नका.

हे औषध काम कसं करतं ते पाहण्यासारखं आहे. ॲम्प्रोलियम दिसायला जीवनसत्त्व बी-१ सारखं असतं. परजीवी ते बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. म्हणूनच या औषधासोबत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक देऊ नका, टॉनिकमधलं खरं बी-१ परजीवीला मिळतं आणि औषधाचा परिणाम उतरतो. दुकानदार बहुतेक वेळा दोन्ही बाटल्या एकत्रच हातात देतो. टॉनिक औषधाचे दिवस संपल्यावर द्या. रक्त गेलेल्या पिल्लांना के आणि ए जीवनसत्त्व मात्र औषधाच्या काळातही उपयोगी पडतं. सल्फा गटातली औषधंही चालतात, पण त्यांचं प्रमाण थोडं चुकलं तरी मूत्रपिंडाला इजा होते, ती स्वतःच्या मनाने देऊ नयेत. फिनाइल, ब्लीचिंग पावडर यांनी ही अंडी मरत नाहीत. कडक ऊन, पूर्ण कोरडेपणा आणि सिमेंटच्या जमिनीवर फिरवलेली ज्योत यांनी मरतात.

याच वयात गंबोरो हा विषाणूचा आजार येतो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ तो पहिल्यांदा आढळला, त्यावरून हे नाव. अचानक सुस्ती, पांढरी पाणीदार हगवण, पिल्लू स्वतःच्याच गुदद्वाराला टोचतं, तीन-चार दिवस मरतुक चढते आणि मग उतरते. विषाणूवर औषध नाही. पाणी, इलेक्ट्रोलाइट, ऊब आणि शांतता एवढंच देता येतं. यातलं वाईट म्हणजे हा विषाणू पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती जिथे घडते त्या ग्रंथीवरच घाव घालतो. वाचलेल्या पिल्लांना पुढे दिलेल्या लसी नीट लागत नाहीत. शेडमध्ये तो काही महिने टिकून राहतो, म्हणून पुढच्या तुकडीला लस चुकवायची नाही.

मान मुरडलेलं पिल्लू

मान मुरडलेलं पिल्लू दिसलं की गावात एकच शब्द येतो: मानमोडी. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. आज उत्तराखंडात असलेल्या राणीखेत या गावी १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात नोंदवला गेला, त्याआधी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ सापडला होता. हिरवी हगवण, धापा, पंख-पाय लुळे पडणं, मान मागे किंवा बाजूला मुरडणं, आणि झपाट्याने पसरणारी मरतुक. यावरही औषध नाही.

पण मुरडलेली प्रत्येक मान मानमोडीची नसते, आणि हे न कळल्यामुळे बरी होऊ शकणारी पिल्लं मारली जातात. ई जीवनसत्त्व कमी पडलं की दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लाची मान मागे किंवा पायांत वळते, ते कलंडतं, पाय झाडतं. जुनं, खवट झालेलं खाद्य हे त्याचं नेहमीचं कारण. बी-१ कमी पडलं तर पिल्लू मान पाठीला टेकवून आभाळाकडे बघत बसतं. बी-२ कमी पडलं तर पायाची बोटं आत वळतात आणि ते घोट्यावर चालतं. ओळखायची खूण अशी: एक-दोनच पिल्लं, श्वास स्वच्छ, हगवण नाही, डोळे टवटवीत आणि चोचीपाशी खाद्य धरलं तर खातं, अशा वेळी खाद्य बदला, जीवनसत्त्वं द्या आणि वाट पाहा. लवकर दिलं तर काही दिवसांत फरक दिसतो. अनेक पिल्लं, सोबत धापा आणि हिरवी हगवण, शेजारच्या घरीही तेच, तर मानमोडी समजून हालचाल करा. दीड-दोन महिन्यांच्या तलंगांचा (वाढत्या कोंबड्यांचा) एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणला गेला तर मरेक या विषाणूच्या आजाराचा संशय घ्यायचा. त्याची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच द्यायची असते, पिल्लं घेताना ती दिली का, हे विचारून घ्या.

मानमोडीची लासोटा लस साधारण पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास. लासोटाचा दुसरा डोस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कोंबड्यांच्या देवीची लस सहा-सात आठवड्यांना पंखाच्या पातळ कातडीत. त्यानंतर दोन महिन्यांच्या पुढे आर-टू-बी ही मानमोडीचीच लस. तुमच्या भागानुसार पशुवैद्यक यात थोडा बदल सांगतील. थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत धरून ठेवा, लगेच सोडलं तर थेंब बाहेर. लस बर्फातून आणा, सकाळी किंवा संध्याकाळी द्या, कालवल्यावर दोन तासांत संपवा. नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात कालवली तर लस निकामी होते. आजारी पिल्लाला लस देऊ नका.

गावात अडचण वेगळीच असते. घरी पिल्लं वीस, आणि लसीची लहानात लहान बाटली शंभर डोसांची. म्हणून कोणीच आणत नाही आणि मानमोडी आली की अख्खी आळी रिकामी होते. पाच घरांनी एक दिवस ठरवून एकच बाटली आणली तर खर्च किरकोळ आहे. बचतगटांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण परसातल्या कोंबड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात येतात.

देवी डासांमुळे पसरते. तुरा, पापण्या, चोचीच्या कडांवर फोड येऊन खपल्या धरतात. खपल्यांनी पिल्लं मरत नाहीत. डोळे बंद झाल्याने खाणं-पाणी दिसत नाही, त्याने मरतात. पोव्हिडोन आयोडिनने खपल्या मऊ करून पुसा, डोळे उघडे ठेवा, दिवसातून तीन-चारदा चोच पाण्याला लावा. बरीचशी दोन-तीन आठवड्यांत बरी होतात.

वेगळं काढणं, औषध, आणि मेलेल्या पिल्लाचं काय करायचं

आजारी पिल्लू वेगळ्या खोक्यात, कोरड्या तुसावर, पहिल्या आठवड्याच्या उबेत ठेवा. त्याची कामं शेवटी करा. आधी निरोगी, मग आजारी. पाणी पाजताना चोचीच्या कडेला थेंब लावा, ते स्वतः गिळेल. तोंड उघडून घशात ओतू नका, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत ठाम आहे. ते जंतूंवर चालतं. विषाणूवर, बुरशीवर, थंडीवर चालत नाही, आणि वर सांगितलेल्या आजारांतले बरेचसे या तीन खात्यांत जातात. ‘असू दे, बाधत नाही’ म्हणून दिलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्न देणाऱ्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण ते माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटच्या आधारांपैकी एक आहे. जे औषध द्याल त्याचा थांबायचा काळ पाकिटावर लिहिलेला असतो, तेवढे दिवस त्या कोंबडीचं मांस किंवा अंडं खायचं नाही, विकायचं नाही.

दोन-तीन पिल्लं गेली की नुकतंच मेलेलं एक पिल्लू दुहेरी पिशवीत घालून, बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोठवू नका, पेशी फाटतात आणि तपासणी बिघडते. सोबत कागदावर लिहा: वय, एकूण पिल्लं, रोज किती गेली, कोणत्या लसी कधी दिल्या, कोणतं खाद्य, आधी काय औषध दिलं. पिल्लू उघडून पाहिल्यावर पिशव्यांतलं रक्त किंवा फुप्फुसातल्या गाठी पाच मिनिटांत दिसतात आणि आठवड्याचा अंदाजपंचे खर्च वाचतो. जास्त तपासणी लागली तर दवाखान्यातून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. रस्ता लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

एकच प्रसंग असा की पिल्लू न्यायचं नाही, हातही लावायचा नाही. लहान-मोठ्या सगळ्या कोंबड्या एक-दोन दिवसांत पटापट मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, आसपास कावळे किंवा बगळे मेलेले दिसले, तर बर्ड फ्लूचा संशय घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच निघाला होता. अशा वेळी आहे तिथेच सगळं थांबवा आणि दवाखान्याला फोन करा. मेलेली पिल्लं ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकणं कुठल्याच आजारात चालणार नाही, खोल खड्डा आणि चुना. लहान मुलं पिल्लांना गालाशी धरतात, त्यांचे हात साबणाने धुवायला लावा. साल्मोनेला पिल्लाला काही न करता मुलाला आजारी पाडू शकतो.

एक तुकडी संपली की सगळं तूस काढून, जमीन धुऊन, चुना मारून शेड निदान दोन आठवडे रिकामं ठेवा. आणि नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत सोडू नका, वेगळ्या खुराड्यात वाढवा. रक्ती हगवणीपासून श्वासाच्या जुन्या दुखण्यापर्यंत बरेच आजार मोठ्या कोंबड्या स्वतः ठणठणीत राहून बाळगत असतात. जागा कमी असेल तर मध्ये जाळी लावा आणि पाण्याची भांडी वेगळी ठेवा. सकाळी आधी लहानांकडे जा, मग मोठ्यांकडे, आणि दोन्हीकडच्या चपला वेगळ्या ठेवा.